मदत हवी आहे: जुन्या व्हील हॉर्स ट्रॅक्टरला मागच्या चाकांचे वेगवेगळे ब्रेक कसे बसवू?

नमस्कार मंडळी,

काटोलच्या अलीकडे आमची संत्र्याची बाग आहे, राहणं नागपुरात. दोन वर्षांपूर्वी भंगाराच्या लिलावात एक व्हील हॉर्स, म्हणजे बागकामाचा छोटा अमेरिकन ट्रॅक्टर, हाती लागला. सत्तरच्या दशकातला, १२ हॉर्सपॉवर, एक सिलिंडरवालं कोहलर इंजिन, मागे २३ बाय साडेआठ इंचांचे टायर. ही कंपनी १९८६ मध्ये टोरो या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने विकत घेतली. पार्टांची रडकथा वेगळी, ती आज नको. इंजिन मी घरीच उघडून रिंगा बदलल्या, आता एका झटक्यात सुरू होतं.

अडचण वळणाची आहे. झाडं ६ बाय ६ मीटरवर आहेत, पण जुनी असल्यामुळे फांद्या पसरून मधली वाट जेमतेम ट्रॅक्टरपुरती उरते. ओळ संपली की शेवटचं झाड आणि धुऱ्याचं तारकुंपण यांच्यात आठेक फुटांची जागा. मागे छोटा वखर आणि खाली पावसाने भिजलेली काळी माती. स्टेअरिंग पूर्ण कापलं तरी पुढची चाकं वळतच नाहीत, नांगराच्या फाळासारखी माती ढकलत सरळ जातात. गेल्या महिन्यात असंच घसरत जाऊन मागच्या टायरने एका बुंध्याची तळहाताएवढी साल सोलली. तिथून डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) शिरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी बोर्डो पेस्ट कालवून (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी) लावत बसलो, आणि बाबा मागून म्हणाले, "बैल बरे होते, एक कासरा ओढला की वळत."

मला तो एक कासराच पाहिजे.

आपल्या साध्या शेतीच्या ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन पेडल असतात, डावं दाबलं की डावं चाक थांबतं. माझ्याकडे एकच ब्रेक आहे, तोही गिअरबॉक्सच्या शाफ्टवर: छोटा ड्रम, त्याभोवती पट्टा. तो डिफरन्शियलच्या (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारे गिअर) आधी असल्याने दोन्ही चाकांना सारखाच लागतो, वळायला काडीचा उपयोग नाही. म्हणजे नवे ब्रेक डिफरन्शियलच्या पुढे, प्रत्येक चाकाजवळच बसवावे लागणार.

माझा बेत असा आहे. दोन मोटारसायकलींचे मागचे डिस्क ब्रेक, कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून दाबणारा चिमटा) आणि पायाचे मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा पंप) जुन्या बाजारातून घ्यायचे. डिस्क हबच्या (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो मधला भाग) आतल्या बाजूने बसवायची, मधल्या स्पेसरचं काम हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून. इथपर्यंत डोक्यात बसतं. पुढे अडलोय:

कॅलिपरचा ब्रॅकेट कशाला धरू? लेथवाला म्हणतो गिअरबॉक्सलाच वेल्ड मारू. माझं मन तयार होत नाही. दुसरं, एक चाक अडवल्यावर अ‍ॅक्सलची चावी (हबला अ‍ॅक्सलवर अडकवणारा लोखंडी तुकडा) कापली जाईल का? आणि चिखलात डिस्क टिकेल, की स्कूटरचा बंद ड्रम बरा?

पुढे वजन लाव असं कृपया सांगू नका. वीस किलोची रेतीची पोती बांधून झाली. फरक पडतो, पण ओल्या मातीत पुरत नाही.

प्रतिसाद १

भाऊ, वेल्डला हात लावू देऊ नका. ते बीडाचं कास्टिंग आहे, आज चिकटेल आणि पहिल्या जोरदार ब्रेकला बाजूने तडकेल, मग गिअरबॉक्स कुठून आणणार? १० मिमीची पट्टी घ्या, चेसिसला दोन बोल्टने आणि गिअरबॉक्सच्या आहे त्याच बोल्टवर तिसऱ्या ठिकाणी धरा. ब्रेक दाबल्यावर कॅलिपर चाकाबरोबर फिरायला बघतो, तो सगळा पिळा या पट्टीवर येतो. एका बोल्टवर टांगलात तर भोकच लांबट होईल.

चावीची भीती अर्धीच खरी. डिस्क हबलाच बोल्ट केली असेल तर जमिनीचा जोर चाकातून हब, हबमधून डिस्क असा जातो, अ‍ॅक्सलपर्यंत पोचतच नाही. चावीवर येतो तो फक्त इंजिनकडून आलेला अर्धा हिस्सा, आणि तो ती आजही झेलतेच आहे. हीच डिस्क आत अ‍ॅक्सलवर चढवली असती तर मात्र सगळं चावीवर आलं असतं.

ताकदीची काळजी सोडा. मोटारसायकलचं मागचं चाक तुमच्या टायरएवढंच उंच असतं आणि त्यावर दोन माणसं बसतात. चिखलासाठी वरून पत्र्याचं झाकण करा. ड्रमचं म्हणाल तर स्कूटरला तो चाकाच्या हबमध्येच असतो, तो सुटा काढून इथे बसवायचा म्हणजे लेथचं काम दुप्पट.

प्रतिसाद २

सगळ्यात आधी डिफरन्शियल बघा. व्हील हॉर्सच्या काही गिअरबॉक्समध्ये लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना थोडंफार एकत्र बांधून ठेवणारं डिफरन्शियल) असतं, तसं असेल तर एका चाकाचा ब्रेक दुसऱ्यालाही ओढतो आणि हा सगळा खर्च पाण्यात. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला हलकं फिरलं तर साधं आहे. जड, अडखळत फिरलं तर आधी इथे लिहा.

कॅलिपर बसवताना हवा काढायचं निपल सगळ्यात वर आलं पाहिजे, नाहीतर कितीही पंप मारा, पेडल स्पंजासारखंच राहील. आणि दोन पेडलांना जोडणारी पट्टी पहिल्या दिवसापासून लावा. रस्त्यावर चुकून एकाच पेडलवर पाय पडला तर गाडी उलटू शकते. बागेतही हे काम खालच्या गिअरमध्येच करा: एक चाक थांबलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. आज सकाळी जॅकवर घेतला. डावं चाक फिरवलं, उजवं उलट, अगदी बोटाने फिरेल इतकं हलकं. तेव्हा साधंच निघालं. वेल्डचं लेथवाल्याला नाही म्हणून सांगितलं, थोडा रुसला.

नवीन गोष्ट अशी की हब आणि गिअरबॉक्समधली जागा मोजली तर डावीकडे ४२ मिमी, उजवीकडे ३५. मला वाटतं उजवा हब कधीतरी सैल होऊन आत सरकलाय, कारण त्याच्या स्क्रूच्या खुणा अ‍ॅक्सलवर दोन ठिकाणी दिसतात. आधी तो ओढून जागेवर आणतो, मग डिस्क घ्यायला जातो. फोटो रात्री टाकतो.