भांडुपच्या आमच्या गच्चीवरचा टॉवर काढला, आता परत घ्यावा का?

भांडुपची_सचिव

आमची सोसायटी भांडुप पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी. सात मजले, छप्पन्न घरं. गच्चीवर अकरा वर्षं मोबाइल टॉवर होता, त्यावर तीन कंपन्यांची यंत्रणा. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत तो काढायचं ठरलं. विरोधात हात वर केलेले आम्ही नऊ जण. टॉवर गेला, भाडं गेलं, मेंटेनन्स वाढला. तेही सोसलं.

गेल्या महिन्यात रात्री अडीचला तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना धाप लागली. सूनबाई १०८ लावतेय आणि फोन लागतच नाही. जिना उतरून, फाटक ओलांडून पानाच्या टपरीपर्यंत धावत गेली तेव्हा कुठे दोन काड्या आल्या. आजी वाचल्या, पण त्या पोरीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

रविवारी सभा आहे. टॉवर परत घ्यावा असा ठराव मी मांडणार आहे. माझं म्हणणं असं की मुंबईत नेटवर्क चालवणं मुळातच अवघड आहे आणि त्यात आपण, म्हणजे सोसायट्या, पालिका आणि सरकार, भर घालतो. कंपनीला शिव्या घालून रेंज येत नाही. तुमची विरोधी मतं मोकळेपणी मांडा, सभेत मला उत्तरं द्यायची आहेत.

लालबागचा_ग्राहक

ताई, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण कंपन्यांची कड घेऊ नका. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला होता: कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. फक्त तीन रुपये! तेवढ्यासाठी कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि मे २०१६मध्ये तो आदेश रद्द झाला. पुढे जून २०२४च्या अखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवल्याचं जाहीर केलं. पैसे वाढवून घेताना अडचण आली नाही, मग रेंज देतानाच कशी येते?

साइटवरचा_माणूस

चौदा वर्षं टॉवरच्या देखभालीचं काम करतोय, राहायला कळव्याला. दादा, तुमचा राग मला रोज ऐकावा लागतो, म्हणून एक रात्र सांगतो.

जुलै महिना, कुर्ल्यातली इमारत. अकराला वीज गेली. चांगली बॅटरी बँक दोन-तीन तास ओढते, ही जुनी झालेली. डिझेल जनरेटर होता, तो आवाज आणि धुराच्या तक्रारीवरून आधीच काढायला लावलेला. मी भिजत पोचलो तर गच्चीला कुलूप. चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावी. वॉचमन म्हणाला, "नऊनंतर कुणाला वर सोडायचं नाही असं सांगितलंय." त्याची नोकरी, त्याला तरी काय बोलणार? मी जिन्यात बसून मोबाइलवर अलार्म बघत राहिलो. अठ्ठेचाळीस व्होल्टची बँक चव्वेचाळीसच्या खाली उतरली आणि साइट मेली. त्याच इमारतीतून कस्टमर केअरला तक्रारी चालू होत्या.

टॉवरला जोडणाऱ्या फायबर केबलचं त्याहून वाईट. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या एका घावात केबल जाते. ओटीडीआर, म्हणजे केबल तपासायचं यंत्र, लावला की किती अंतरावर तुटली ते समजतं, पण नकाशात केबल रस्त्याच्या डाव्या बाजूला आणि जमिनीत उजव्या. मग खड्डा, पाणी उपसणं, वर ताडपत्री. केसाएवढी काच जोडायची असते. एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने टॉर्च, आणि चिखलाचा कण मध्ये आला की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात मुंबईत रस्ते खोदायची परवानगी बंद असते, त्यामुळे नवी केबल टाकता येत नाही. मग ती इमारतीवरून इमारतीवर लटकवतात. ती कोण कधी कापेल याचा नेम नाही.

कंपनी साधू नाही, हेही सांगतो. बॅटऱ्या बदलायला वर्ष-वर्ष लावतात, आमचे पगार कंत्राटदार अडवतो. पण ताई म्हणतात ते खोटं नाही.

मुलुंडची_आई

आमच्या समोरच्या इमारतीवर टॉवर आहे आणि मुलीच्या खोलीची खिडकी बरोबर त्याच्यासमोर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मे २०११मध्ये या लहरींना "कर्करोगाची शक्यता" असलेल्या गटात टाकलं. २०१७मध्ये ग्वाल्हेरच्या एका कर्करुग्णाच्या तक्रारीवरून सुप्रीम कोर्टाने तिथला टॉवर बंद करायला लावला. कोर्टाने दखल घेतली ती उगीच? आजींचा जीव महत्त्वाचा आहेच, माझ्या मुलीचाही आहे. सभेत ज्यांनी टॉवरविरुद्ध हात वर केले त्यांना अडाणी ठरवू नका एवढीच विनंती.

फिजिक्स_शिकवतो

मुलुंडच्या ताई, अडाणी कुणीच म्हणत नाही. त्या गटाचा अर्थ "पुरावा तोकडा, तपास चालू ठेवा" असा आहे. आशियाई पद्धतीच्या लोणच्यातल्या भाज्याही त्याच गटात आहेत. १ सप्टेंबर २०१२पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट.

दुसरी गोष्ट भांडुपकरांनी सभेत जरूर सांगावी. टॉवर लांब गेला की फोन तिथपर्यंत पोचायला जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो, आणि फोन असतो कानाला. गच्चीवरच्या अँटेनाचा झोत समोर, किंचित खाली झुकलेला असतो. थेट पायाखालच्या घरात फार थोडा उतरतो.

मुलुंडची_आई

झोत समोर जातो म्हणता, म्हणजे माझ्याच खिडकीत. मग माझी भीती चुकीची कशी?

फिजिक्स_शिकवतो

समोरच्याला जास्त मिळतो हे खरं आहे, तुमचा मुद्दा मान्य. म्हणूनच मोजून घ्यायला हवं. सरकारच्या "तरंग संचार" पोर्टलवर चार हजार रुपये भरून कुणालाही मोजणी मागता येते.

निवृत्त_दूरसंचार

वय ७१. नोकरी सगळी या शहरातच, केबलच्या खड्ड्यांत आणि एक्स्चेंजमध्ये गेली. टॉवर एवढे का लागतात याचं मूळ कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

३१ जुलै १९९५ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना मोबाइलवर फोन केला, तिथून आपली सुरुवात. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडायचे आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. परवाना शुल्काच्या बोजाखाली कंपन्या बुडायला लागल्या, तेव्हा १९९९च्या धोरणाने उत्पन्नातला वाटा घ्यायची पद्धत आणली. ते शहाणपणाचं होतं.

पण स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या लहरींसाठीची हवेतली जागा, आपण चिमटी-चिमटीने वाटला. ४.४ मेगाहर्ट्झ, मग ६.२. युरोपात एका कंपनीकडे याच्या कितीतरी जास्त असे. आणि भागीदार किती? एका सर्कलमध्ये, म्हणजे परवान्याच्या एका विभागात, दहा-बारा कंपन्या! हवेतली जागा कमी असली की एकेका टॉवरने थोड्याच माणसांना सांभाळायचं, म्हणजे टॉवर जवळजवळ लावायचे, म्हणजे तुमच्या-आमच्या गच्च्या धरायच्या. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये एजीआरचा, म्हणजे सरकारचा वाटा कोणत्या उत्पन्नावर मोजायचा याचा, निकाल आला, त्यात थकबाकी, व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. हा पैसा बॅटरी आणि फायबरमध्ये गेला असता असं मला मनापासून वाटतं.

लालबागचा_ग्राहक

काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण एजीआरचा करार कंपन्यांनी सही करून घेतला होता. वाटा द्यायचं कबूल करायचं आणि वर्षानुवर्षं "उत्पन्न कशाला म्हणायचं" यावर वाद घालायचा, हे काही स्पेक्ट्रम कमी मिळाल्यामुळे झालेलं नाही. भुयारी मेट्रो ३ घ्या. कंपन्या आणि मेट्रो महामंडळ यांच्यात यंत्रणा कुणी बसवायची आणि भाडं किती, यावर वाद झाला. खाली उतरलेला प्रवासी मात्र महिनोन्महिने रेंजविना राहिला. तिथे ना सोसायटी आडवी आली, ना पाऊस, ना जेसीबी. दोन पैसेवाल्यांचं भांडण. माझ्यासारख्याने ते का समजून घ्यायचं?

साइटवरचा_माणूस

मेट्रोबाबत तुमच्या बाजूने. त्यात सामान्य माणसाचा काहीच दोष नाही.

रात्रपाळी_डिलिव्हरी

मी पार्सल पोचवतो. ओटीपीशिवाय पार्सल देता येत नाही. टॉवर काढलेल्या दोन सोसायट्या माझ्या रूटवर आहेत. ग्राहक सहाव्या मजल्यावरून खिडकीत हात बाहेर काढून फोन धरतो, मी खाली उभा. एका पार्सलला वीस मिनिटं जातात आणि ती माझ्या कमाईतून जातात. टॉवरचा निर्णय घेणारे ज्या सभेत बसतात, तिथे आम्ही नसतो.

भांडुपची_सचिव

दादा, हे मी सभेत वाचून दाखवणार आहे.

अजून एक विचारायचं होतं. टॉवर गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने ऑनलाइन बूस्टर, म्हणजे रेंज वाढवायचं यंत्र, मागवून लावला. त्याला रेंज आली आणि शेजारच्या तीन घरांची उरलीसुरलीही गेली. याचा काही संबंध?

साइटवरचा_माणूस

शंभर टक्के. तो बूस्टर नको त्या लहरी आसपासच्या टॉवरकडे फेकतो आणि त्या बाजूचे सगळेच फोन अडखळतात. विनापरवाना तो लावणं बेकायदा आहे. आधी तो काढायला सांगा.

टॉवर घ्याल तर करारात हे लिहून घ्या. गच्चीची एक चावी वॉचमनकडे, रात्रीच्या प्रवेशासाठी ठरलेल्या माणसांची नावं. डिझेल जनरेटर गच्चीवर नको, लागलाच तर खाली आवाजबंद. बॅटरी बदलायची मुदत लेखी. सगळ्यात आधी स्ट्रक्चरल ऑडिट, कारण तुमची इमारत जुनी असेल तर वजन सोसायला हवं.

लालबागचा_ग्राहक

त्यात एक जोडा, ताई. साइट चोवीस तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर त्या महिन्याचं भाडं दीडपट. ट्रायचा रुपया कोर्टात गेला, पण तुमच्या करारातला दंड तुमच्या हातात आहे.

भांडुपची_सचिव

हे कुणी सुचवलंच नव्हतं. जोडते. ऑडिटचं पत्र आजच वास्तुविशारदांना पाठवते. बूस्टरवाल्यांशी मीच बोलेन, ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत. आणि सही व्हायच्या आधी कंपनीने मोजणीचे चार हजार भरायचे, हेही ठरावात घालते.

मुलुंडची_आई

मोजणी करवणार असाल तर गच्चीवर आणि तुमच्या सातव्या मजल्यावर घेऊन थांबू नका. तुमच्या समोरच्या इमारतीत, अँटेनाच्या उंचीला जे घर येईल, त्याच्या खिडकीत घ्यायला लावा. ती माणसं तुमच्या सभेत हात वर करायला येणार नाहीत.

भांडुपची_सचिव

समोरच्या सोसायटीच्या अध्यक्षांना आज संध्याकाळी भेटायला जाते आहे. त्यांच्या सातव्या मजल्यावर कोण राहतं तेही विचारून येते.