दिवसा उपचार, रात्री घरी: व्यसनमुक्तीचं डे केअर नक्की कसं चालतं?

ओंजळ:
घरातल्या एका माणसाची रोजची दारू आहे, सोडायची त्याची तयारी आहे. डॉक्टरांनी निवासी केंद्राऐवजी डे केअरचा पर्याय सुचवला आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. तिथे दिवसभर नेमकं काय करून घेतात? भरती न होता दारू सुटू शकते का? आणि संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही काय करायचं, काय टाळायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पायवाट:
तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नापासून सुरुवात करतो. शेवटचा पेला घेतल्यानंतरचे पहिले चार दिवस हा माणूस कुठे असणार? डे केअर चालेल की नाही, हे आधी त्यावर ठरतं.

रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत जास्त असतो. भास होणं, वेळ-जागेचं भान सुटणं, ताप, नाडी धावणं हे गंभीर रूप बहुधा ४८ ते ९६ तासांत दिसतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणजे दुसरा दिवस बरा गेला म्हणून निर्धास्त होता येत नाही. पूर्वी दारू थांबवताना फिट आली असेल, भास झाले असतील, झोपेच्या गोळ्यांचीही सवय असेल, यकृताचा किंवा हृदयाचा मोठा आजार असेल किंवा रात्री सोबतीला कोणी नसेल, तर हे दिवस रुग्णालयातच काढावेत. डे केअर त्यानंतर. डॉक्टर यासाठी दहा लक्षणांना गुण देतात, कमाल ६७. दहाच्या आत असेल तर त्रास सौम्य समजतात, पण गुण कमी आणि पूर्वी फिट आलेली, तर भरतीच बरी. म्हणून ‘उद्यापासून बंद’ असं घरच्या घरी ठरवू नका, थांबवण्याची तारीख डॉक्टरांसोबत ठरवा. बी-१ जीवनसत्त्वाबद्दलही विचारा. दीर्घकाळ पिणाऱ्यांत ते फार कमी झालेलं असतं आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्लुकोजचं सलाईन लावायचं असेल तर बी-१ त्याच्या आधी किंवा सोबत देतात.

आता दिवसाबद्दल. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनच्या निकषांत प्रौढांसाठी दोन पायऱ्या आहेत: आठवड्याला ९ ते १९ तासांचा सघन बाह्यरुग्ण कार्यक्रम, आणि २० किंवा अधिक तासांचा, ज्याला आपण खरं डे केअर म्हणू. चार-पाच दिवस, रोज चार-सहा तास. आल्यावर श्वासाची तपासणी, रक्तदाब, समोर घ्यायची औषधं. मग गट, साधारण आठ ते बारा जणांचा, तास-दीड तासाचा. त्याशिवाय आजाराची माहिती देणारं सत्र, आठवड्यातून निदान एकदा समुपदेशकाशी एकट्याने बोलणं, आणि ठरावीक काळाने कुटुंबासोबत बैठक.

खरं काम चालतं ते पिण्याची साखळी उलगडण्याचं. पगार हातात येतो, मित्राचा फोन येतो, ‘आज एकच’ हा विचार येतो, पाय तिकडे वळतात. ही प्रत्येक कडी कागदावर मांडतात आणि कुठली कडी सगळ्यात आधी तोडता येईल ते शोधतात. बहुतेकांना तोडायची असते शेवटची, म्हणजे पेला समोर असताना नाही म्हणण्याची. ती सगळ्यात अवघड. फोन न उचलणं त्यामानाने सोपं, म्हणून ‘आज नाही, पुन्हा विचारू नकोस’ हे वाक्य गटात मोठ्याने म्हणून घेतात, पुन्हा पुन्हा. नुसती व्याख्यानं ऐकवून घरी पाठवणारा कार्यक्रम असेल तर त्यातून फार काही हाती लागत नाही.

सांजदिवा:
संध्याकाळचं मी लिहिते. निवासी केंद्रात दारूपासून लांब ठेवलेलं असतं. इथे माणूस रोज त्याच रस्त्याने, त्याच घरी येतो. शिकलेलं त्याच दिवशी वापरून पाहता येतं, ही मोठी जमेची बाजू, आणि घसरण्याची जागाही हीच.

केंद्रातून निघण्यापूर्वी झोपेपर्यंतच्या वेळेचा आराखडा कागदावर असावा: कुठल्या रस्त्याने येणार, कोण सोबत, किती वाजता जेवण, तलफ आली तर पहिला फोन कोणाला. जेवण लांबवू नका. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी दोन एकत्र आले की तलफ जोर धरते. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ जागा बदलायची, कोणाशी तरी बोलायचं, हातांना काम द्यायचं. घरातली दारू पाहुण्यांसाठीचीसुद्धा बाहेर काढा. सुरुवातीला रोकड कमी ठेवायची असेल तर ते त्यांच्या संमतीने, लपवाछपवी करून नाही.

झोप कित्येक आठवडे विस्कटलेली राहू शकते. त्यावर घरातल्या कोणाची झोपेची गोळी देणं ही फार घातक चूक आहे. आणि दारात उभं राहून तोंडाचा वास घेऊ नका. तपासणी केंद्राला करू द्या, तुम्ही सोबत राहा. सगळ्यात मोठी फट सुट्टीच्या दिवशी पडते, कारण केंद्र बंद असतं. शुक्रवारीच शनिवार-रविवारचा आराखडा मागून घ्या.

ओंजळ:
खूप मदत झाली. आणखी दोन गोष्टी. जेवणात मिसळून द्यायचं औषध असतं असं नातेवाईक सुचवतात. ते द्यावं का? आणि लघवीची तपासणी कशासाठी, चोरी पकडायला?

मात्रा:
जेवणात मिसळून अजिबात देऊ नका. ते बहुतेक डायसल्फिरामबद्दल बोलत असावेत. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं असं होतं, आणि हृदयरोग असेल तर जीव जाऊ शकतो. माणसाला माहीत असेल, त्याची संमती असेल तरच ते देतात, तेही शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तासांनी. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम उरू शकतो. दारू असलेली खोकल्याची औषधं आणि माउथवॉशही त्या काळात वर्ज्य.

तलफ कमी करणारी औषधं वेगळी. नाल्ट्रेक्सोन साधारणपणे रोज ५० मिलिग्रॅम, पण अफूवर्गीय वेदनाशामक किमान ७ ते १० दिवस बंद असावी लागतात, आणि यकृताची तपासणी आधी हवी. अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते. कुठलं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

तपासणीबद्दल. श्वासातली दारू काही तासांतच दिसेनाशी होते. लघवीतल्या ईटीजी चाचणीत तिची खूण तीन-चार दिवसही सापडू शकते. मात्र दारू असलेल्या सॅनिटायझरच्या सततच्या वापरानेही ती किंचित होकारार्थी येऊ शकते, म्हणून एका आकड्यावर भांडण नको. चांगलं केंद्र अशा निकालावर विचारतं: औषध चुकलं का, कुठली वेळ मोकळी राहिली, तास वाढवायचे का? एका घसरणीसाठी थेट नाव कापणारं केंद्र असेल तर मला ते पटत नाही, कारण उपचारांची सगळ्यात जास्त गरज नेमकी तेव्हाच असते.

ब्राऊन शुगर किंवा तशा नशेसाठी कोणी हे वाचत असेल तर: काही दिवस बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती घटते, आणि मग जुनीच मात्रा घेतली तरी श्वास थांबू शकतो. तिथे ब्युप्रेनॉर्फिनसारखं, तलफ आवरणारं औषध चालू ठेवणं आणि घरात नॅलॉक्सोन, म्हणजे अशा नशेने थांबत आलेला श्वास परत आणणारं औषध असणं जीव वाचवतं.

पायवाट:
शेवटी केंद्राला भेटायला जाल तेव्हाचे प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस असतात? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलतं? न सांगता गैरहजर राहिल्यास त्याच दिवशी चौकशी करता का? उत्तर ‘दोन दिवस वाट पाहतो’ असं असेल तर पुढचं केंद्र बघा, कारण गैरहजेरी हे बऱ्याचदा घसरणीचं पहिलं लक्षण असतं. आणि कार्यक्रम अचानक संपतो का, तेही विचारा. तीन महिन्यांहून कमी उपचारांचा परिणाम सहसा टिकत नाही. पाच दिवसांवरून तीन, तीनवरून एक, मग पाठपुरावा, असा उतार हवा. आठवडाभर सलग पिणं झालं, जीव नकोसा झाल्याची भाषा आली किंवा घरात मारहाण झाली, तर मात्र डे केअर ओढत न बसता त्याच दिवशी भरतीबद्दल बोला.