पाळीचा भरवसा नाही, मग प्रेग्नन्सी टेस्ट कधी केलीत? अनुभव लिहा

परवा रात्री अकराला मावसबहिणीचा फोन आला. "ताई, माझी पाळी चुकलीय की अजून यायचीय, तेच कळत नाहीये. टेस्ट कधी करू?" तिची पाळी कधी ३५ दिवसांनी येते, कधी ५० दिवसांनी, मागच्या दिवाळीच्या आधी तर ७२ दिवस लागले. किटच्या खोक्यावर 'पाळी चुकल्यावर टेस्ट करा' असं लिहिलेलं असतं. जिला तारीखच नाही तिने चुकली म्हणायचं कधी?

माझ्या डॉक्टरांनी मला एकदा केसपेपरच्या मागे रेघ मारून दाखवलं होतं, तेच तिला सांगितलं. संबंधानंतर शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. बीज फुटून गर्भ राहिला तरी तो रुजायला साधारण ६ ते १२ दिवस जातात. किट ज्यावर चालतं ते एचसीजी नावाचं हार्मोन गर्भ रुजल्यानंतर वाढायला लागतं आणि लघवीत पुरेसं उतरायला आणखी काही दिवस लागतात. म्हणून पाळी पुढेमागे होत असेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजायचे. सकाळची पहिली लघवी घ्यायची. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करायची.

तिने सगळं ऐकून घेतलं, पण तिला खरं हवं होतं ते बाकीच्या बायकांचं कसं झालं ते. म्हणून विचारतेय. कितव्यांदा कळलं, कुठे फसगत झाली? नाव बदलून लिहिलंत तरी चालेल.

रानजाई
मला पीसीओडी आहे, म्हणजे बीज वेळेवर फुटत नाही आणि पाळी लांबते. ४०व्या दिवशी टेस्ट केली, निगेटिव्ह. ५८व्या दिवशी केली तर दोन ठसठशीत रेघा! आठवड्याभराने सोनोग्राफी. शेवटच्या पाळीच्या हिशेबाने मला नऊ आठवडे होऊन गेले होते आणि स्क्रीनवर पाच आठवड्यांची नुसती पिशवी. ठोके नाहीत. तपासणाऱ्या बाई "वाढ दिसत नाहीये" एवढंच म्हणाल्या आणि पोटावरची जेल पुसायला कागद दिला. तोच मी डोळ्यांना लावला.

घरी सगळे गप्प. सासूबाईंनी दृष्ट काढली, काय बोलावं ते त्यांनाही सुचत नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "निगेटिव्ह कधी आली होती?" ४०व्या दिवशी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग बीजच त्या सुमारास फुटलं असणार, गर्भ पाचच आठवड्यांचा आहे, वाढ अगदी बरोबर आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं आणि ठोके दिसले. लेक आता तिसरीत आहे.

माझं कळकळीचं सांगणं, निगेटिव्ह आलेल्या टेस्टचीही तारीख लिहून ठेवा. आणि पाळी अनियमित असेल तर दिवस पहिल्या सोनोग्राफीवरून धरायला सांगा.

अबोली_नाशिक
आमचे प्रयत्न चालूच होते, त्यामुळे कुठल्या तारखेपासून २१ मोजणार? बीज फुटण्याच्या पट्ट्या आणल्या, तर पीसीओडीमुळे त्या रोजच गडद यायच्या. शेवटी फॉलिक्युलर स्टडी (सोनोग्राफीने बीजाची वाढ बघतात ती) केली आणि बीज फुटायचं इंजेक्शन घेतलं. १४ दिवस टेस्ट करू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला राहवलं नाही, सहाव्या दिवशी केली. दोन रेघा. आईला फोन केला, यांनी पेढे आणले.

ते इंजेक्शनच एचसीजीचं असतं. किटने तेच पकडलं होतं. सोळाव्या दिवशी पाळी आली. त्या पेढ्यांचा खोका मी फ्रिजमधून काढून कामवाल्या मावशींना दिला, उघडलाही नव्हता. इंजेक्शन घेतलेल्या बायकांनो, कृपा करून दिलेल्या तारखेपर्यंत थांबा. (पुढे चौथ्या सायकलला राहिलं. तेव्हा थांबले होते.)

सोलापूरकरीण
किट पाच मिनिटांनी बघायचं, संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यातून काढून नाही. वाळल्यावर करडी रेघ उमटते, ती धरायची नाही. वेळेत पुसट का होईना, रंगीत रेघ दिसली तर दोन-तीन दिवसांनी परत करा किंवा रक्तातलं बीटा एचसीजी करून घ्या.

माहेरवाशीण
बाळ दहा महिन्यांचं, अंगावर पीत होतं. पाळी सुरूच झाली नव्हती, मग चुकणार काय? आमच्याकडं सगळ्या म्हणायच्या, पाजतीयेस तवर काळजी नाही. पण ते खरं पहिल्या सहा महिन्यांपुरतं, तेही बाळाला वरचं काहीच नसेल आणि पाळी आली नसेल तर. मी सहाव्या महिन्यापासून नाचणीची खीर चालू केलेली. बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीच बीज फुटू शकतं हे कुणी सांगितलंच नाही.

उलट्या नाहीत, काही नाही. नुसतं दूध कमी झालं. आशाताई वजन करायला आल्या, त्यांनी पिशवीतनं निश्चय किट काढून हातात ठेवलं, म्हणाल्या, "जा, आत्ता कर." सोनोग्राफीत १७ आठवडे निघाले. दोन्ही पोरं गुणाची आहेत, पण तो काळ आठवला की अजून पाय गळतात. पाजणाऱ्या बाईनं शंका आली की लगेच टेस्ट करावी.

निनावी
लग्न झालेलं नाही. इमर्जन्सी गोळी घेतली, आठवड्याने थोडं रक्त गेलं, मला वाटलं पाळी झाली. ती पाळी नव्हती. २१व्या दिवशी टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी एकही टोचणारा प्रश्न विचारला नाही. माझं वय १८च्या वर, त्यामुळे गर्भपातासाठी सही माझी एकटीची पुरली. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्याने लग्न झालेलं असण्याची अट ठेवलेली नाही. माझ्यासारखी कुणी घाबरून दिवस ढकलत असेल तर तिच्यासाठी लिहिलं.

केवडा
निनावी, तू लिहिलंस म्हणून मीही लिहिते. माझीही पाळी बेभरवशाची. ४६व्या दिवशी दोन दिवस तपकिरी डाग गेले, मी पाळी म्हणून कॅलेंडरवर खूण केली. टेस्ट केलीच नाही. दहा दिवसांनी ओट्याशी पोळ्या लाटताना उजव्या बाजूला कळ आली, मग खांदा दुखायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी. गर्भ नळीत होता, नळी फुटली होती. त्याच रात्री ऑपरेशन, रक्ताच्या दोन पिशव्या. नेहमीपेक्षा कमी किंवा वेगळं गेलं तर टेस्ट करा. आणि एका बाजूला जोरात दुखत असेल तर किट आणत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती
केवडा, जपून राहा गं. बहिणीला तुझा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. तिने ऐकता ऐकता भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, दुधाच्या हिशेबाशेजारी २१वा दिवस लिहिला आणि त्याच्यापुढे आठ दिवसांनी दुसरी खूण केली. तिचा २१वा दिवस येत्या गुरुवारी आहे. अजून कुणाचं थायरॉइडमुळे किंवा चाळिशीनंतर असं झालं असेल तर लिहा, ती रोज वाचतेय.