मदत हवी आहे: हिरवी ढबू बाबांना सोसत नाही, लालची पीठ पेरून भाजी जमत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ढबू (सिमला) मिरची म्हणजे पीठ पेरून केलेली भाजी, तीही हिरव्याचीच. बाबांचा जीव आहे तिच्यावर. पण अलीकडे ती खाल्ली की दिवसभर तिचेच ढेकर येतात. म्हणून कपिलतीर्थ मार्केटमधून लाल ढबू आणली. ढेकर नाहीत, पण भाजी गोड झाली आणि पाणी सुटून पिठाचा लगदा झाला.

भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "हिरवीच पिकली की लाल होते." खरं आहे का? मग पिवळी कुठून येते? स्वस्त हिरवी आणून घरीच पिकवता येईल का? गच्चीवर कुंडीतही हिरव्या लागल्यात, त्या ठेवू की काढू? आणि लालची भाजी सुकी कशी करायची, हे कुणीतरी नीट सांगा.

– गच्चीबाग_कळंबा

शेडनेटवाला_शिरोळ:
ताई, मावशींचं बरोबर आहे. हिरवी ढबू पूर्ण वाढलेली असते, पण पिकलेली नसते. पिकताना हरितद्रव्य जातं आणि जातीचा खरा रंग वर येतो. लाल जातीत कॅप्सँथिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं, पिवळीत ते होत नाही. म्हणजे पिवळी ही लाल व्हायच्या वाटेवरची मिरची नव्हे, तिचं बियाणंच वेगळं.

पूर्ण वाढलेल्या हिरव्या फळाला रंग धरायला झाडावर आणखी ३-४ आठवडे लागतात. तेवढ्यात ऊन लागून फळ भाजतं, कीड पडते, सड लागते, आणि जुनी फळं अंगावर असली की झाड नवीन फळ कमी धरतं. रंगीत ढबू महाग असते ती यामुळं.

घरी पिकवायचं मात्र विसरा. टोमॅटोसारखी ही तोडल्यावर पिकत नाही. गर्द हिरवी तोडलेली तशीच सुकून सुरकुतते. निम्मा रंग फिरलेली असेल तर घरात थोडी पुढं जाते, पण झाडावरची गोडी येत नाही. कुंडीतल्या दोन-तीन चांगल्या ठेवा, बाकीच्या हिरव्याच काढा. दुपारच्या उन्हात सावली करा.

चुलीपाशी:
हिरवीचा तो उग्र, कच्चा वास पायराझिन जातीच्या द्रव्याचा असतो, पिकताना तो फार कमी होतो. उलट साखर वाढते: १०० ग्रॅम हिरवीत साधारण २.४ ग्रॅम, लालमध्ये ४.२. क जीवनसत्त्वही वाढतं, हिरवीत ८० मिलिग्रॅमच्या आसपास तर लालमध्ये सव्वाशेच्या वर. म्हणून बाबांसाठी लाल आणताय ते चांगलंच आहे, फक्त करायची रीत बदला.

आधी बेसन कोरडंच खमंग भाजून बाजूला ठेवा. मिरचीच्या बिया आणि आतला पांढरा भाग काढा, फोडी मोठ्या ठेवा. लोखंडी कढईत मोहरी-हिंगाच्या फोडणीवर मोठ्या आचेवर परता. झाकण अजिबात नको, सगळं पाणी तिथंच सुटतं. फोडींच्या कडा करपट दिसू लागल्या की मीठ आणि घरची चटणी, नेहमीपेक्षा थोडी जास्तच, कारण ढबूत तिखटपणा जवळजवळ नसतो आणि लालच्या गोडीत चटणीचा तिखटपणा दबून जातो. मग गॅस बारीक करून पीठ चिमटीनं भुरभुरवा, हलवा, झाकण न ठेवताच वाफेपुरतं थांबा आणि उतरवा. वरून लिंबू पिळाच.

काहींना साल जड जाते. तसं वाटलं तर मिरची गॅसवर भाजून साल काढा, पण मग ती भरीत होते, पीठ पेरायला नको. आणि ढेकर कशानंही येत राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

तीन उंचवट्यांची नर आणि चार उंचवट्यांची मादी असा मेसेज फिरतो, त्याच्या नादी लागू नका. उंचवटे जातीवर आणि वाढीवर ठरतात. बाजारात वजनाला जड, ताठ देठाची आणि दाबली तर न पिचकणारी मिरची घ्या.

गच्चीबाग_कळंबा:
दोघांचेही मनापासून आभार. मी झाकण ठेवत होते आणि मीठ आधी घालत होते, लगदा का झाला ते कळलं. पिवळी चालेल का हो ताई?

चुलीपाशी:
चालेल की! पिवळीही पिकलेलीच, क जीवनसत्त्व तिच्यात लालपेक्षाही जास्त. पहिल्यांदा निम्मी पिवळी, निम्मी लाल घ्या.