मदत हवी आहे: एचआयव्ही सेवेचा माणशी खर्च काढताना फुकट आलेल्या गोळ्या कशा धरायच्या?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याला एका संस्थेत अकाउंट्स बघतो. पुढच्या बजेटसाठी एचआयव्ही तपासणी आणि एआरटीचा (म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचा) माणशी खर्च काढून द्यायचाय. घोळ असा की टीएलडीच्या गोळ्या (एचआयव्हीची तीन औषधं एकाच गोळीत) आणि तपासणीची किट नाकोकडून (सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) फुकट येतात, म्हणजे आमच्या टॅलीत किंमत शून्य, आणि आकडा इतका कमी येतो की कुणी बघितलं तर म्हणेल यांना पैसे कशाला हवेत!

एकूण खर्च भागिले तपासण्या करून बघितलं, पण पावसात माणसं कमी येतात, पगार तेवढाच, मग जुलैत एका तपासणीचा खर्च मार्चच्या जवळजवळ दुप्पट. लॅब टेक्निशियन मलेरियाच्या स्लाइडपण बघतो, म्हणून दोन आठवडे त्याच्याकडून वहीत वेळ लिहून घेतला, तर रोज गोल आकडे, 'एचआयव्ही २ तास', बाकी काही नाही.

एक्सेलच आहे, पेशंटची नावं-माहिती बाहेर देता येणार नाही, आणि वर्षभर वेळ मोजत बसणं शक्य नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, गोळ्यांना सरकारी खरेदीचा दर लावायचा की बाजारभाव, आणि टेक्निशियनचा पगार वेळेवर वाटायचा की तपासण्यांच्या संख्येवर?