मदत हवी आहे : पंजाबची लाल कम्युनिस्ट पार्टी (१९४८-५२) नेमकी का संपली?

नमस्कार मंडळी,

लाल कम्युनिस्ट पार्टी, हिंद युनियन. जानेवारी १९४८ मध्ये जालंधर जिल्ह्यातल्या नकोदरला स्थापना आणि १९५२ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षात (भाकप) विलीन. या पक्षावर लेख लिहायला घेतलाय, पण शेवटाशी गाडं अडलंय. पंजाबातल्या डाव्या चळवळीचं वाचन असलेलं कुणी इथे असेल तर हात द्या.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो, म्हणजे विकीची लिंक डकवून कुणी मोकळं होणार नाही. :)

नेते तेजासिंग स्वतंत्र. मूळ नाव समुंदसिंग. गुरुद्वारा सुधार चळवळीतून आलेले, तुर्कस्तानात लष्करी शिक्षण, मग अमेरिकेत गदर पक्षवाल्यांमध्ये (इंग्रजांविरुद्ध सशस्त्र लढा पुकारणाऱ्या परदेशस्थ पंजाब्यांमध्ये), तिथून मॉस्को. १९३७ मध्ये तुरुंगात असतानाच पंजाब विधानसभेवर निवडून आले. असा गृहस्थ मुंबईच्या पक्ष कचेरीतून येणाऱ्या परिपत्रकांवर मान डोलावत बसला असेल असं मला तरी वाटत नाही. गदर परंपरेतला ‘किरती’ (म्हणजे कष्टकरी) हा कम्युनिस्ट गट आणि अधिकृत भाकप यांची मोट चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला बांधली गेली खरी, पण मनं जुळली नव्हती. फाळणीनंतर ती सुटलीच.

पक्षाचा जीव होता पेप्सूमध्ये. पतियाळा आणि आजूबाजूची संस्थानं मिळून १९४८ मध्ये हे राज्य झालं. तिथल्या शेकडो गावांत जमीन कसणारा मुजारा, म्हणजे आपल्या भाषेत कूळ, आणि मालकी सांगणारा बिस्वेदार. हे बिस्वेदार बरेचसे दरबारी मंडळी, संस्थानाच्या कृपेने मालक झालेले. आपण मालकच होतो, कुळं नंतर झालो, ही मुजाऱ्यांची धारणा पक्की होती. पिकाचा वाटा द्यायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. बिस्वेदारांचे गुंड आणि पोलीस गावात येऊ लागले तेव्हा लाल पार्टीने हत्यारी जथे उभे केले. १९ मार्च १९४९ ला किशनगढ गावावर थेट लष्कर घातलं गेलं. मुजारे मारले गेले, पण चळवळ मोडली नाही. तेलंगणातल्या शेतकरी उठावावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय, किशनगढचं नाव मात्र मराठीत मला कुठे सापडलेलं नाही.

आता अडचण.

बहुतेक जण सांगतात की भाकप मवाळ होती, म्हणून हे वेगळे झाले. पण नकोदरनंतर दोनेक महिन्यांतच भाकपच्या कलकत्त्याच्या अधिवेशनात पी. सी. जोशींचं सरचिटणीसपद गेलं आणि भाकपची सूत्रं आपल्या बी. टी. रणदिव्यांकडे आली. म्हणजे भाकप एकदम सशस्त्र उठावाच्या भाषेवर. मतभेद धोरणाचाच असता तर तो तिथेच मिटायला हवा होता. तरी हे वेगळेच राहिले. १९५१ मध्ये भाकपने हत्यारं बाजूला ठेवून निवडणुकीची वाट धरली आणि त्यानंतर हे आत गेले! जहाल भाकपशी पटलं नाही आणि मवाळ भाकपशी पटलं, हे कसं?

दुसरं स्पष्टीकरण असं की मुजाऱ्यांना जमीन मिळाली, काम संपलं. तेही तारखांत बसत नाही. मालकी हक्क देणारा कायदा १९५३ चा, राष्ट्रपती राजवटीतला. पक्ष त्याआधीच विलीन झाला होता.

माझा अंदाज असा की भांडण धोरणाचं नव्हतंच, हुकूम कुणाचा चालणार याचं होतं. १९५२ च्या निवडणुकीनंतर एकट्याने तग धरणं अवघड आहे हे नेत्यांना कळलं असावं. तेजासिंग स्वतंत्र पुढे १९७१ मध्ये भाकपतर्फेच संगरूरहून लोकसभेवर गेले, त्यावरून तडजोड दोन्ही बाजूंना मानवली असं दिसतं. पण अंदाजावर लेख उभा राहत नाही.

तर हवंय ते असं. विलीनीकरणाच्या बोलण्यांबद्दल खुद्द लाल पार्टीवाल्यांनी काही लिहून ठेवलंय का? गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी असतील तर उत्तमच, त्यांना हा निर्णय रुचला होता की वरून आला होता, हे कळेल. पंजाबी पुस्तक असलं तरी चालेल, मात्र मला गुरुमुखी येत नाही. नांदेडकरांपैकी कुणी काही पानं वाचून अर्थ सांगायला तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मानधन देईन. लेखात नावही घालेन, हरकत नसेल तर.

आणि हो, रणदिवे-डांगे वादात रस असलेल्यांना एक प्रश्न : १९४८ ते ५० या काळात रणदिव्यांनी लाल पार्टीला परत बोलावण्याचा काही प्रयत्न केला होता का?