कॉलेजमित्रांच्या पुनर्भेटीची कादंबरी मधेच का अडते?

प्रश्न: पाच मित्र, वीस वर्षांचा अबोला. आठवणींतच शंभर पानं गेली. काय चुकतंय?

प्रतिसाद १: पाचांना सारखी पानं वाटू नका. जपानी लेखक हारुकी मुराकामीच्या २०१३च्या कादंबरीत पाच मित्रांची मैत्री शाळेतली, घाव कॉलेजात: चौघं नायक त्सुकुरूशी अचानक संबंध तोडतात. पण नजर एकट्या त्सुकुरूची. सोळा वर्षांनी तो एकेकाला गाठतो, नागोयातल्या गाड्यांच्या शोरूमपासून थेट फिनलंडपर्यंत. सगळे एका खोलीत जमतच नाहीत!

प्रतिसाद २: आणि त्सुकुरूवर आरोप काय होता, ज्यामुळे मित्रांनी त्याला तोडलं, ते पहिल्याच भेटीत कळतं. प्रश्न उरतो, मित्रांनी तो मान्य का केला? तुम्ही भांडणाचं कारण शेवटासाठी दडवलंय का? मग आठवणी नुसता वेळ काढतात.

प्रतिसाद ३: काळ आजचा असेल, तर व्हॉट्सॲप ग्रुप कोणी, कधी सोडला तेही लिहा. ‘संपर्क तुटला’ आता पटत नाही.